उंदीरमारीचा पाला आणि पहिला घास

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. गोठ्यामागच्या उकिरड्यासारखं असतं ते. रोज कुणीतरी येताजाता पाटीभर टाकतं आणि वर्षभराने बघावं तर हा एवढा ढीग! आमच्या शेती खात्यात तर विचारूच नका. परवा पेणला साळवीकडे जमलो होतो. चहा दोनदा झाला, बायका कंटाळून आत गेल्या, तरी आमचा ढीग काही उपसून होईना. साळवी म्हणाला, "तू लिहून काढ. मी लिहिलं तर लोक म्हणतील, थापा मारतोय." थापा तो मारतोच. पण हे सगळं मात्र खरं घडलेलं आहे, आणि जवळजवळ सगळं माझ्या नोकरीच्या पहिल्या एका वर्षातलं आहे.

मी घाटावरचा. आमच्याकडे गव्हाची शेती. मी पेणला कृषी सहायक म्हणून हजर झालो तेव्हा माझ्यासारखा शहाणा रायगड जिल्ह्यात दुसरा नाही, अशी माझी पक्की समजूत होती. रेगे साहेब आमचे अधिकारी. बुटके, टक्कल पडलेले, छत्री बाराही महिने काखेत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "खतांतलं काय कळतं तुला?"

मी छाती काढून सांगितलं, "साहेब, आमचे वडील गव्हाला आधी शेणखत देतात आणि वरून युरिया. नुसता युरिया टाकणारे शेजारी दोन वर्षं हसले आणि तिसऱ्या वर्षी विचारायला आले."

साहेब खूश झाले. म्हणाले, "बरोबर! शेणखत म्हणजे भात आणि युरिया म्हणजे मीठ. नुसतं मीठ खाऊन दाखव बघू कुणी!"

मी मान डोलावली. कोपऱ्यातून साळवी म्हणाला, "साहेब, इथे अर्धा तालुका मिठागरावर काम करतो. हे उदाहरण जरा जपून द्या."

साळवी इथलाच, पेणचा. माझ्याआधी दोन वर्षं लागलेला. त्याच्या तोंडाला कुलूप कुणाला सापडलं नाही, आजतागायत.

*

पहिल्या फजितीचा मान माझा. दिवाळीनंतर साहेबांच्या मागे लागून मी रोह्याला, अष्टमी गावाच्या पुढे, धर्माजी नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीत गव्हाचा प्रयोग ठरवला. कालव्याचं पाणी होतं, जमीन चांगली होती. बियाणं मी घरून आणलं. धर्माजीला खताचं सगळं बारीकसारीक समजावलं. शेणखत किती पाट्या, केव्हा, कसं मिसळायचं, युरिया कितव्या पाण्याला द्यायचा. तो प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत होता. मी समाधानाने रजेवर गावी गेलो.

परत आलो आणि साळवीला घेऊन बघायला गेलो. बांधावर धर्माजी पाहुण्याची वाट बघावी तसा उभा. शेतात घोटाभर चिखल, त्यावर पाणी, आणि त्या पाण्यात ओळीने उभा असलेला माझा गहू!

त्याने कोपऱ्यात राब भाजला होता. म्हणजे शेण, पाला, तोडलेल्या डहाळ्यांची कवळं पसरून जमीन जाळून घेतली होती, भाताच्या रोपासाठी करतात तशी. त्यात गहू पेरला, रोपं वीतभर झाल्यावर उपटली, जुड्या बांधल्या आणि घरच्या बायकांना घेऊन रीतसर लावणी केली होती.

"धर्माजी, अहो, गव्हाची लावणी?" मी बांधावरूनच ओरडलो.

"एक नंबर झाली ना?" तो म्हणाला. "पोरी दोन दिवस वाकल्या व्हत्या."

"अहो, गहू पेरायचा असतो! नुसता पेरायचा! मग तो आपला आपण उगवतो!"

धर्माजीने माझ्याकडे असं पाहिलं की मीच लाजलो. म्हणाला, "लावणी केल्याबिगर तोंडात अन्न कसं जातं वो तुमच्याकडं?"

चूक माझीच. खताचे शंभर नियम सांगितले आणि गहू पेरतात एवढंच सांगायचं राहिलं. घाटावर ते कुणाला सांगावं लागतच नाही ना! आम्ही बांध फोडून पाणी काढलं, पिवळ्या पडलेल्या रोपांना शेणखत आणि थोडा थोडा युरिया दिला. साळवी दर खेपेला "पेशंट कसा आहे?" असं विचारायचा. पेशंट जगला. फार नाही, पण ओंब्या आल्या.

चैत्रात धर्माजी पेणच्या ऑफिसात फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आला. गव्हाची भाकरी! तांदळाची थापतात तशी, चांगली बोटभर जाड. "तुमच्या गव्हाची हाय. गावाची आठवण येत असंल तुम्हाला," म्हणाला.

अशी भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. दाताला काम लागलं. पण खोलीवर हातानं शिजवलेला कच्चा भात खाऊन मी कंटाळलो होतो, ती सगळीच्या सगळी खाल्ली. त्या माणसाचं माझ्या प्रयोगाने वाटोळं व्हायचं ते थोडक्यात टळलं होतं आणि तो माझ्या आठवणींची काळजी करत होता. मला फार भरून आलं.

*

आता खरी गोष्ट. साहेबांनी उन्हाळ्यात सांगितलं, "गहू पुरे. आता भात. भातावर शेणखत, गिरिपुष्पाचा हिरवा पाला आणि युरियाच्या गोळ्या, तिन्ही मिळून द्यायचं. प्रात्यक्षिकाला शेतकरी तू शोध."

गिरिपुष्प हे बांधावर वाढणारं साधं झाड. लावणीआधी त्याचा पाला चिखलात गाडायचा, तो कुजून खत होतो. आणि गोळ्या म्हणजे युरिया दाबून केलेल्या, सुपारीएवढ्या. रोपांच्या चार चुडांच्या, म्हणजे जुडग्यांच्या, मधोमध एक गोळी, बोट बुडेल इतकी खोल खोचायची. फेकलेला युरिया पावसाने वाहून जातो, खोचलेली गोळी चिखलात धरून राहते. सोपं आहे की नाही? मलाही तसंच वाटलं होतं.

कासूजवळच्या एका गावात देवळासमोर सभा भरवली. साहेबांनी फांदी वर धरली. "हे गिरिपुष्प!"

पुढच्या रांगेतला म्हातारा म्हणाला, "ही तर उंदीरमारी!"

झालं! इकडे त्या झाडाला तेच नाव. साल वाटून दाण्यात घालतात, उंदीर मरतो. "आमच्या भातात उंदीरमारी घालता? मग भात खानाऱ्याचं काय?" साहेब समजावत होते की पाला कुजला की विष उरत नाही. पण सभा उठायला लागली होती. साहेबांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या. काळ्या, उंच, कमरेला पदर खोचलेला. जनाकाकी. त्यांचे मालक मिठागरावर कामाला. घरी म्हातारी सासू, मुलगा, सून. ओळख करून न देताच त्यांनी मला विचारलं, "तू घाटावरचा ना? कुनाच्या तरी शेतात गव्हाची लावनी केली, तो तूच?"

रोह्याहून कासूपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती! मी मान खाली घातली.

"माझा दहा गुंठ्यांचा तुकडा देते," काकी म्हणाल्या. "पन ऐकून घे, बाला. आमच्या पाच ताटांचा वरसाचा भात त्याच तुकड्यावर हाय. दुसरा तुकडा नाय. गेला तर वरसभर इकत आनायचा, नि इकत आनायला आमच्याकडं काय नाय. तू सांग, करू का?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छत्रीकडे पाहिलं.

मी म्हणालो, "करा, काकी."

"बरं. पन माझी एक अट. नवा भात झाला का पयला घास तू खायचास. आमच्या कुनाच्या आधी. हाय कबूल?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. "कबूल," मी म्हणालो. परतताना साळवी स्टेशनपर्यंत खिशात कागद शोधत होता. गाडी आल्यावर म्हणाला, "तुझ्या घरचा पत्ता मला लिहून दे. असू दे जवळ."

*

गिरिपुष्पाच्या फांद्या रोह्याच्या रोपवाटिकेत होत्या. पेणच्या बांधांवर लावायला त्या आणायचं काम साळवीवर आलं. त्याने एसटीच्या टपावर मोळ्या चढवल्या, दोन आत पायाशी ठेवल्या.

शेजारच्या बाईने विचारलं, "कसली लाकडं वो?"

साळवी हुशार. खताचं नावच काढलं नाही. म्हणाला, "बांधावर खोचा, उंदीर शेताकडं फिरकत नाही."

ज्या नावाने आमची सभा उधळली, त्याच नावावर एसटीत झुंबड उडाली! "मला दोन दे." "आमच्या आळीला चार." प्रत्येक थांब्यावर कंडक्टर घंटी मारायचा थांबला आणि टपावर चढून मोळ्या सोडायला लागला. त्याने स्वतःसाठी सहा ठेवल्या. नागोठण्याला येईपर्यंत टप रिकामा!

साळवी ऑफिसात हात हलवत आला. साहेब म्हणाले, "फांद्या कुठे आहेत?"

"योजना शंभर टक्के राबवली, साहेब. फक्त तालुका चुकला."

साहेब आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो गपचूप पुन्हा रोह्याला गेला आणि ट्रकमधून फांद्या आणल्या. पण दोन-तीन वर्षांनी माघ महिन्यात रोह्याच्या रस्त्याने जाताना बांधाबांधावर गुलाबी फुलोरा दिसायला लागला. साहेब खिडकीतून बघत म्हणाले, "हे साळवीचं पाप." आणि रुमालाने चष्मा पुसत राहिले. खात्याच्या कुठल्या कागदावर त्या फुलोऱ्याची नोंद नाही. मी इथे करून ठेवतो.

*

लावणी झाली. काकींच्या तुकड्याचे दोन भाग केले. उजवीकडे 'जुनी पद्धत', म्हणजे नुसतं त्यांचं शेणखत. डावीकडे 'नवी पद्धत', म्हणजे शेणखत, पाला आणि गोळ्या. दोन्हीकडे पाट्या ठोकल्या. साळवीने नेहमीप्रमाणे हिशेब न करता दुप्पट गोळ्या आणल्या होत्या. परत न्यायचा कंटाळा, म्हणून उरलेली पिशवी त्याने काकींच्या पडवीत टांगली. ही पिशवी लक्षात ठेवा.

गोळी कशी खोचायची ते साहेब स्वतः दाखवणार होते. गावातल्या पंधरावीस बायका बांधावर. साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, छत्री मला दिली आणि चिखलात उतरले. "बघा, चार चुडांच्या मधे, बोट असं आत..."

आणि साहेब किंचाळले!

शेतातला खेकडा, त्याला इकडे मुठा म्हणतात, त्याने साहेबांचं बोट धरलं होतं. साहेब हात झटकतायत, मुठा सोडत नाही. साहेब उडी मारतायत, मुठा सोडत नाही. मी छत्री टाकून धावलो.

"हलू नका साहेब, हलू नका!" जनाकाकी ओरडत चिखलात उतरल्या. मला बरं वाटलं, कुणाला तरी साहेबांची काळजी आहे. तर पुढे म्हणतात कशा, "मोठा हाय तो, सुटंल!"

मुठा सुटला नाही. दुपारी त्याचं आणि त्याच्या भाऊबंदांचं कालवण होतं. साहेबांनी बांधलेल्या बोटाने, सूड उगवावा तसं, दोनदा मागून घेतलं. प्रात्यक्षिक मात्र गाव विसरलं नाही. आजही तिथे कुणी गोळी खोचायला वाकलं की मागून कुणीतरी "हलू नका साहेब!" म्हणतंच.

*

ऑगस्टात पाऊस पिसाळला. अंबा नदी नागोठण्यात शिरली, रस्ता बंद, गाडी बंद. मी पेणला खोलीत अडकलो. तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. डोळ्यांसमोर तो दहा गुंठ्यांचा तुकडा आणि ती पाच ताटं. मी "करा" म्हणालो होतो. कुणाच्या जिवावर म्हणालो होतो? घाटावरून आलेला मी, दुसऱ्याच्या वर्षभराच्या भाताशी खेळत बसलो होतो.

चौथ्या दिवशी पाऊस जरा थांबला तसा रुळावरून चालत निघालो. कासू गाठलं. काकींचं शेत दिसेना, नुसतं पाणी. रोपांचे फक्त शेंडे वर. मी बांधावर बसलो आणि, सांगायला लाज कसली, रडलो.

मागे जनाकाकी येऊन उभ्या होत्या. डोक्यावर इरलं, हातात पितळी. म्हणाल्या, "रडतोस काय, बाला? भात माझा नि डोले तुझे?"

"काकी, तुमचं वाटोळं केलं मी."

"पानी मी पयल्यांदा बघते काय? उतरंल. तू चालत आलास पेनवरनं? काय खाल्लंस?" आणि पितळीतला भात पुढे केला. जुना, शेवटचा शेवटचा भात असणार तो. मी नको नको म्हणत होतो. "खा," म्हणाल्या, "आता तुला काय झालं तर पयला घास कोन खानार माझा?"

पाणी दोन दिवसांत उतरलं. आसपासच्या शेतांत फेकलेला युरिया पाण्याबरोबर खाडीला गेला होता, ती शेतं फिकी पडली. काकींच्या तुकड्यात मात्र गोळ्या चिखलात धरून होत्या. पंधरा दिवसांत असा काळपट हिरवा रंग चढला की मी साळवीला मिठी मारली. साळवी म्हणाला, "अरे लांब हो, लोक बघतायत."

*

कापणीला साहेब टेप, वजनकाटा, वही घेऊन आले. उजवीकडचं वेगळं मळलं, डावीकडचं वेगळं मळलं. वजन केलं.

दोन्हीकडे सारखं! पायलीचाही फरक नाही.

साहेबांनी पुन्हा वजन केलं. तेच. "म्हणजे आपल्या गोळ्यांचा, पाल्याचा उपयोग शून्य!" साहेब मटकन बांधावर बसले. मला काही कळेना. भात तर दोन्हीकडे भरघोस होता, गावात कुणाकडे नव्हता इतका.

साळवीला मात्र काहीतरी आठवलं. तो पडवीत जाऊन आला. "काकी, इथली पिशवी कुठाय?"

काकी सुपाने भात पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घातल्या."

"कुठे घातल्या?"

"त्या बाजूला. पाला बी चुडांच्या मधी चिखलात दाबला. तुमी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन उतरली मी."

साहेब उठले. "अहो बाई, ती बाजू जुन्या पद्धतीची होती! तुलनेसाठी! तिकडे काही द्यायचं नव्हतं!"

आता काकींनी सूप खाली ठेवलं. त्या खरंच चिडल्या होत्या. "एका पंगतीला दोन पोरं बसली, एकाला वाढायचं नि दुसऱ्यानं त्याच्या ताटाकडं बघायचं? तुमच्यात चालत असंल. माझ्यानं नाय झालं."

साहेबांनी वही मिटली.  मग 'जुनी पद्धत' ही पाटी उपटली आणि शेजारच्या बाळारामाच्या फिक्या शेतात नेऊन ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी बाळाराम पाटी काखेत घेऊन दारात! "ही पाटी आधी घ्या," म्हणाला, "नि मला किती गोळ्या लागतील ते लिहून द्या!"

त्या वर्षी आमच्या अहवालात तुलनेचा रकाना कोरा गेला. पुढच्या पावसाळ्यात मात्र त्या गावातून सतरा जणांची नावं आली. देवळापुढच्या सभेतला तो म्हातारा पहिला.

*

आणि मग नव्या भाताचं जेवण. काकींचा निरोप आला, "रविवारी या. कबूल केलंय ते विसरू नका म्हनावं."

आम्ही तिघं गेलो. सारवलेल्या पडवीत पाट मांडलेले. दारात शेजारपाजारचे पंधरावीस लोक जमलेले. उंदीरमारीचा भात घाटावरचा कसा खातो ते बघायला! बाळारामही होता. साळवी कानात म्हणाला, "पत्ता आहे माझ्या खिशात. काळजी करू नकोस."

सुनेने माझं ताट आणलं. वाफाळता भात, त्याचा तो नवा वास, बाजूला कालवण. पुस्तकात लिहिलंय, साहेबांनी सांगितलंय, मी स्वतः शंभरदा सांगितलंय की कुजलेल्या पाल्यात काही राहत नाही. तरी खरं सांगू? घास उचलून मी आधी गुपचूप हुंगून पाहिला. साहेबांनी ते पाहिलं आणि छत्री घट्ट धरली.

मी काकींकडे बघून म्हणालो, "बघा काकी, खातो हं. तुमच्या कुणाच्या आधी."

"खा की," जनाकाकी म्हणाल्या. "मी काल दुपारीच जेवली."

माझा घास हातातच राहिला. "काल?"

"मग! एकटीच जेवली. घरात कुनाला हात लावू दिला नाय. सुनेला सांगितलं, उद्या सकाळपर्यंत मला काय झालं नाय, तरच त्याच्यासाठी चूल पेटव."

"पण काकी, अट तर... पहिला घास मी खायचा होता ना?"

"परक्या आयेचं पोर तू. तुला आदी खायला घालीन मी?"

"मग सगळ्या सभेत मला कबूल कशाला करायला लावलंत?"

काकी माझ्याकडे बघून हसल्या. पहिल्यांदाच.

"तू व्हय म्हनतोस का ते बघायचं व्हतं," म्हणाल्या, आणि आत वळून सुनेला हाक मारली, "वाढ गो त्याला अजून!"